राकसकोपच्या खालचा मार्कंडेय काठ : पोरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन दीड-दोन तासांची चाल, आणि वरच्या बॉक्साइट खाणींबद्दल कुणाला माहिती आहे का?

शहापूरकर_पप्पा
शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी लिहायलोय. सुट्टीला पोरांना कुठं न्यायचं म्हटलं की आमच्या घरात तीच तीन नावं, किल्ला, राजहंसगड नाहीतर गोकाक. गोकाकला अख्खा दिवस मोडतो, किल्ला पोरांना पाठ झालाय, आणि आईचे गुडघे असे की पायऱ्या बघितल्या की ती "तुमी जाऊन या, मी बसते" म्हणती. तिला सोडून जायचं मला बरं वाटत नाही. म्हणून गेल्या रविवारी गाडी बेळगुंदीच्या रस्त्याला घातली, राकसकोप धरण लांबूनच बघितलं आणि धरणाच्या बऱ्याच खाली, जिथं नदी शेतातनं वाहती तिथं एका पाणंदीच्या तोंडाला गाडी लावली. समोरच्या शेतात रताळी काढायलते, त्यांना विचारलं नदीकाठानं चालत जाता येतं का, तर ते म्हणाले जावा की, बैलगाडी जाती म्हणजे तुमी जाशीला.

एवढी सोपी वाट मी बेळगावच्या आसपास दुसरी बघितली नाही. एका बाजूला नदी, एका बाजूला रताळ्याचे वाफे, मधी थोडा ऊस, काठाला करंज, जांभूळ, उंबर. जायला दीड किलोमीटर, यायला तेवढंच, चढ म्हणावा असा कुठंच नाही. आई आख्खी वाट चालली, मधी दोनदा बांधावर बसली तेवढंच. धाकटा सहा वर्षांचा, थोरली दहाची, दोघांनी मिळून पिशवी भरून दगड आणले आणि तिथनंच माझा प्रश्न सुरू होतो.

नदीतला खडक काळा आहे, आपला नेहमीचा काळवत्री. पण पात्रात मधी मधी तांबडे, गुलाबी, पिवळट गोटे दिसतात, एकावर तर वाटाण्यासारखे गोल दाणे चिकटलेले. थोरली म्हणाली, "पप्पा, हा नदीतला नाही, कुठनंतरी आलाय." मी त्या शेतकरी मामांना दाखवला, त्यांनी डोंगराच्या सपाट माथ्याकडं हात केला, म्हणाले त्यो वरचा माल आहे, बॉक्साइट, तिकडं बाकनूर, नावगे, कर्ले सगळीकडं खाणी काढल्या हुत्या. मी जन्मल्यापासून बेळगावात आणि अल्युमिनियमचा कारखाना येतानाजाताना बघितलेला, पण त्याचा दगड ह्या नदीच्या डोक्यावरनं गेलाय हे मला ठाऊक नव्हतं. कुणाला जास्त माहिती असेल तर सांगा. आणि पोरांना वर खाणीपर्यंत न्यावं का?

निपाणी_नाना
शनिवार, रात्री १०:५५

छान लिहिलंय. आमच्याकडं नातू आहे अडीच वर्षांचा, त्याची ढकलगाडी चालेल का? बसची सोय? खायला काय मिळतं?

शहापूरकर_पप्पा
शनिवार, रात्री ११:२०

नाना, ढकलगाडी नको, पाणंदीत चाकोऱ्या खोल आहेत, खांद्यावर घ्या. सिटी बस बेळगुंदीपर्यंत मिळती पण परतीच्या बसचा टायम कंडक्टरला विचारूनच उतरा. खायला तिथं काही नाही, आम्ही भाकरी, खर्डा, दही बांधून नेलं होतं, आणि शेतातनं चार किलो ताजी रताळी विकत घेतली. कचरा सगळा परत आणा, ती लोकांची शेतं आहेत. आणि शेतात कुणी दिसलं की आधी विचारा मग पुढं जावा, एकानंही आम्हाला नाही म्हटलं नाही.

दगडमाती
रविवार, सकाळी ७:४०

पप्पासाहेब, तुमच्या लेकीची नजर पक्की आहे, तिला शाबासकी द्या. मी मूळ चंदगडचा, जिऑलॉजी शिकलोय, आमच्या गावावरनं बॉक्साइटचे ट्रक बेळगावला जाताना बघत मोठा झालो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेळगावच्या पश्चिमेचा सगळा डोंगरपट्टा म्हणजे डेक्कन ट्रॅप, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. तो काळा दगड वर उघडा पडला, त्यावर लाखो वर्षं ऊनपाऊस झाला. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, जून लागला की आभाळ फाटतं. त्या पावसानं दगडातलं चुना, सोडा, पोटॅश आधी धुऊन नेलं, मग हळूहळू सिलिकासुद्धा, आणि जे विरघळत नाही ते जाग्यावर राहिलं, म्हणजे लोखंड आणि अल्युमिनियम. लोखंड जास्त राहिलं तो आपला जांभा, ज्याचे चिरे काढून आपली घरं बांधली. अल्युमिनियम जास्त राहिलं ते बॉक्साइट. म्हणजे तुमच्या घराची जुनी भिंत आणि चुलीवरचं पातेलं एकाच डोंगराची भावंडं आहेत. जांभ्याला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकाननं १८०७ मध्ये दिलं, केरळातला दगड बघून, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरनं. बॉक्साइट हे नाव फ्रान्समधल्या ले बो गावावरनं, १८२१ साली बर्थिए नावाच्या माणसानं तिथं तो दगड ओळखला.

हे थर नेहमी डोंगराच्या सपाट डोक्यावरच सापडतात कारण जिथं उतार आहे तिथं पाऊस सगळंच वाहून नेतो. म्हणून आमच्या चंदगडात, तिकडं राधानगरीच्या दुर्गमानवाडीला आणि तुमच्याकडं बाकनूर-नावगे भागात, सगळीकडं माथ्यावरच खाणी. बेळगावचा अल्युमिना (अल्युमिनियम गाळायच्या आधीची पांढरी भुकटी) कारखाना १९६९ चा. आपल्या डोंगरांवरचं बॉक्साइट मुख्यतः गिब्साइट जातीचं, ते कॉस्टिक सोड्यात दीडशे अंशांच्या आसपासच विरघळतं, दुसऱ्या जातींना दोनशेच्या वर तापवावं लागतं. कारखान्यात दगड दळतात, सोड्यात शिजवतात, अल्युमिना सोड्यात उतरतो आणि लोखंडाचा तांबडा गाळ खाली राहतो, त्याला रेड मड म्हणतात. चार-पाच टन बॉक्साइटातनं दोन टन अल्युमिना आणि त्यातनं एक टन धातू, हा हिशेब मनात ठेवा.

आता नदीचं सांगतो, कारण खाण म्हटलं की आपण फक्त दगड बघतो. जांभ्याचा आणि बॉक्साइटचा थर भोकाभोकाचा असतो, स्पंजसारखा. पावसाचं पाणी त्यात मुरतं. त्याच्या खाली पांढरट, चिकट मातीचा थर असतो, त्यातनं पाणी खाली जात नाही. मग ते दोन थरांच्या सांध्यातनं आडवं सरकतं आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. मार्कंडेय बैलूरच्या बाजूनं येती, वाटेत असले कितीतरी झरे तिला मिळतात. पाऊस थांबल्यावरसुद्धा ओढ्यांना पाणी असतं ते ह्या माथ्यावरच्या दगडामुळं. तो थर काढला की झऱ्याची टाकीच काढली. म्हणून खाण काढून झाल्यावर खड्डे भरणं, वर माती टाकून झाडं लावणं हे नुसतं दिसायला चांगलं म्हणून नसतं. २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आधी देणं देशभर कायद्यानं सक्तीचं आहे, त्याआधीच्या खड्ड्यांचं काय झालं हे गावागणिक वेगळं.

सह्याद्री_भटक्या
रविवार, सकाळी ११:०५

नदीकाठ ठीक आहे पण खरी मजा वर आहे भावांनो. आमी मित्र गेलतो एका जुन्या खड्ड्यावर (नाव सांगत नाही), पावसाळ्यानंतर पाणी भरलेलं, कडा लालभडक आणि पाणी हिरवं, फोटो असले भारी आलेत. दोघं पोहले पण. फॅमिली घेऊन जावा, पोरं खूष हुतील.

बिजगर्णीची_लेक
रविवार, दुपारी १:३०

भटक्या दादा, राग मानू नका पण हे मला स्पष्टच लिहायचंय. पोरांना त्या खड्ड्यावर न्यायचं नाही. मी त्याच भागातली आहे. नदीला काठाकाठानं खोली वाढत जाती, खाणीच्या खड्ड्याला काठच नसतो, एक पाऊल गुडघाभर आणि दुसरं डोक्याच्या वर. कडेचा दगड वरनं घट्ट दिसतो पण खालनं पाण्यानं पोखरलेला असतो, उभं राहिलं की ढासळतो. तळाला तीच चिकट माती, वर दगडमाती दादांनी सांगितली ती, पाय रुतला की निघत नाही. आमच्या गावात जनावर पडलं तरी दोरखंड घेऊन दहा माणसं लागतात. फोटो चांगले येत असतील, मला त्या पाण्याकडं बघितलं की पोटात गोळा येतो.

आणि दुसरं. माझी आजी खाणीवर जायची. तुमाला ती फोटोची जागा वाटती, ती अजून "कामाची जागा" म्हणती. तिचं ऐकून लिहिते. सुरुंग उडाला की आधी सगळ्या लांब झाडाखाली, मग शिट्टी झाली की माघारी. बाप्ये लोक पहारीनं मोठे धोंडे उलथायचे, घणानं फोडायचे, आणि बायका हातोडीनं फोडून बारीक करायच्या, निवडायच्या आणि बुट्टीत भरून डोक्यावरनं ट्रकपर्यंत. मजुरी भरलेल्या मालावर. पाऊस लागला की खाण बंद, मग ह्याच बायका खाली रोप लावायला. म्हणजे बारा महिने पाठ वाकलेली. तिच्या पदराला कायम तांबडा रंग असायचा, धुऊन जायचा नाही, लग्नाला जायचं लुगडं ती वेगळं बांधून ठेवायची. माझ्या वडलांची शाळेची फी त्या बुट्टीवर भरली. म्हणून मला वाटतं पोरांना खाण दाखवायची असेल तर खालनं, नदीवरनं दाखवा, हात करून सांगा की तिथं तुमच्यासारख्याच पोरांच्या आज्ज्या दगड निवडत हुत्या.

खानापूरची_अक्का
रविवार, संध्याकाळी ६:१५

लेकी, वाचून डोळे भरले गं. आजीला माझा नमस्कार सांग.

मी शिक्षिका आहे, चाळीस पोरं घेऊन सहली काढल्यात म्हणून सांगते, पप्पांची वाट लहानांना एकदम योग्य. पोरांना नुसतं "निसर्ग बघा" म्हटलं की पाच मिनिटांत कंटाळतात, हातात काम द्यावं लागतं. आमी मलप्रभेच्या काठाला नेतो तेव्हा प्रत्येकाला तीन रंगांचे दगड आणि तीन रंगांची माती आणायला सांगतो. आमच्या खानापुरात मातीचीच खाण म्हणायची, इथली चिकण माती भांड्याकौलांना नावाजलेली, म्हणून तर कुंभारकामाची केंद्रीय संस्था इथं आली. पोरांना तिथली फिरती चाकं दाखवली की माती म्हणजे घाण हे डोक्यातनं जातं.

आपल्या जिल्ह्याच्या नद्यांचा आणि खणण्याचा संबंध जुना आहे. १८८४ च्या बेळगाव गॅझेटिअरमध्ये आहे की मलप्रभेच्या खोऱ्यात बेळवडी, बैलहोंगल आणि मुरगोडकडं नदीओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण सापडायचे. वाळू धुऊन सोनं काढणारे झारेकरी लोक पावसाळा संपला की ओढ्याला यायचे. फार मिळायचं नाही, दिवसाच्या भाकरीपुरतं. आणि रॉबर्ट ब्रूस फूट नावाचा इंग्रज भूगर्भवाला, ज्यानं ह्या सगळ्या मुलखाचा नकाशा करून १८७६ साली अहवाल छापला, त्याला गोकाकजवळ घटप्रभेच्या खोऱ्यात गेंड्याची दगड झालेली हाडं सापडली! आपली मार्कंडेय गोकाकजवळच घटप्रभेला मिळती. मी हे वर्गात सांगितलं की एक तरी पोरगं विचारतंच, बाई आता गेंडा कुठं गेला. तेवढ्या प्रश्नासाठी मी दरवर्षी सांगते.

सह्याद्री_भटक्या
रविवार, संध्याकाळी ७:०२

ताई, मनापासून सॉरी. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वरचं फॅमिली घेऊन जावा लिहिलेलं कुणी मनावर घेऊ नका. पुढच्या वेळी मित्रांना पण सांगतो. आजींचं अजून काही लिहिलंत तर वाचायला आवडेल.

शहापूरकर_पप्पा
रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार, मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. वर जायचा विषय संपला. थोरलीनं दगडमाती काकांचा हिशेब वहीत केला, आमचा कुकर वजन काट्यावर ठेवला, शिट्टी-रिंग सोडून दोन किलोच्या आसपास भरला, म्हणजे आठ ते दहा किलो डोंगर! मग ती स्वयंपाकघरातली एकेक वस्तू आणून तोलत बसली, कढई, डबे, चहाची किटली, डोंगराची बेरीज चाळीस किलोवर गेल्यावर आईनं तिला थांबवलं. आई नंतर म्हणाली की एवढं वझं त्या बाईनं एका फेरीत नाही का उचललं असेल.

एक शंका. धाकट्यानं एक काळा, जड, भोकाभोकाचा दगड आणलाय, एका बाजूनं काचेसारखा चमकतो. तो पण बॉक्साइट?

दगडमाती
रविवार, रात्री १०:१०

नाही, बॉक्साइट काळं आणि काचेसारखं नसतं. दोन शक्यता. आपल्या काळवत्रीत पण हवेच्या बुडबुड्यांची भोकं असतात, पण ती बऱ्याचदा पांढऱ्या किंवा हिरवट खनिजानं भरलेली असतात आणि दगड फोडला तर आत बारीक दाणा दिसतो. दुसरी शक्यता लोखंडाचा कीट. जुन्या काळी आपल्या सह्याद्रीत जांभ्यातलं लोखंड कोळशाच्या भट्टीत गाळायचे, कोल्हापूर-महाबळेश्वरकडं धावड लोकांचा हाच धंदा हुता. भट्टीतनं जो रस वाहून थंड झाला तो कीट, त्यावर दोरीसारख्या ओघळाच्या खुणा दिसतात. लोहचुंबक लावून बघा आणि ओघळ आहे का बघा. असेल तर तो दगड जिथं मिळाला ती जागा लक्षात ठेवा, पण खणू नका, जुनी भट्टी असली तर जाणकारांनीच बघावी.

निपाणी_नाना
सोमवार, सकाळी ८:२०

पावसाळ्यात जावं का? नातवाला नदी भरलेली बघायचीय.

बिजगर्णीची_लेक
सोमवार, सकाळी ९:००

नको नाना. जुलैत राकसकोप भरलं की दरवाजे उघडतात, खाली पाणी कधी चढेल सांगता येत नाही. सगळं बेळगाव राकसकोप भरायची वाट बघतं, १९६२ पासून शहराला तिथलं पाणी, पण खालच्या काठाला त्या दिवसांत जायचं नसतं. गणपती झाल्यावर जावा, सप्टेंबरच्या शेवटाला. पाऊस ओसरलेला असतो, पाणी निवळतं आणि माळावर कवळ्याची पिवळी फुलं, गेंद, सीतेची आसवं सगळं फुललेलं असतं. दिवाळीपर्यंत जावा. उन्हाळ्यात नदी बारीक होती आणि सावली फार नाही. आणि वर असो खाली असो, पाण्यात पोरांचा हात सोडायचा नाही, धरणाच्या भिंतीकडं पण जायचं नाही.

शहापूरकर_पप्पा
सोमवार, रात्री ८:४५

चुंबक चिकटला! थोडा, पण चिकटला. ओघळ पण आहे एका बाजूला. धाकटा झोपायला तयार नाही.

दगडमाती
सोमवार, रात्री ९:०५

काळवत्रीलाही थोडा चुंबक लागतो हं, म्हणून ओघळाचा फोटो टाका, उजेडात काढलेला.

बिजगर्णीची_लेक
बुधवार, रात्री ९:५०

काल गावी गेलते. पप्पांनी टाकलेले दगडांचे फोटो मोबाईलवर आजीला दाखवले. ती चष्मा लावून बघत बसली, म्हणाली फोटोत माल कळत न्हाई, हातात घ्याया पायजे. मग अंगणात गेली, दगडी कुंपणातनं तीन गोटे काढून आणले आणि मला समोर बसवून शिकवलं. लालभडक आणि हाताला जड लागला तर त्यात लोखंड, बाजूला टाकायचा. पांढरा, ओल्या बोटाला चिकटतोय, तर ती माती, तोपण बाजूला. गुलाबी-पिवळट, दिसायला मोठा पण उचलला की हलका, आणि दाणे दिसत्यात, तो माल. "मुकादम बघायच्या आधी माझा हात बघायचा" म्हणाली.

मग पप्पांच्या लेकीचा तो वाटाण्याच्या दाण्याचा फोटो परत मागितला, मोठा करून बघितला आणि म्हणाली, "ह्यो चांगला हाय. पोरीला सांग, उनात वाळव आन् मग उचलून बघ, वला दगड कायम खोटं बोलतो."